शिमी कोशात सापडत नाही

९ जानेवारी

प्रिय पान्या,

हे पत्र उघडून तू आधी शेवट वाचशील आणि मग वरून सुरुवात करशील, हे मला ठाऊक आहे. शाळेत गोष्टीच्या पुस्तकांचंही तू असंच करायचास. म्हणून काम आधी सांगतो, आठवणी नंतर. माझी नात मिरी तुमच्या क्लबात विमान चालवायला शिकते आहे. तिला एकटीने उडता येऊ नये, असं काहीतरी तू कर.

आता आठवणी. आज सकाळी खिडकीशी बसलो होतो. समोरच्या तारेवर पाखरं येऊन बसली आणि मला आपला पाचवीचा वर्ग दिसायला लागला. गुरुजी पाखरांची कविता चालीवर म्हणून घ्यायचे. मी डोळे मिटून म्हणायचो आणि तू खाली वाकून बाकाचे स्क्रू काढत बसलेला असायचास. एकदा ऐन आभाळाच्या ओळीला बाक कोसळलं, आणि आपण दोघांनी उरलेली कविता वर्गाबाहेर उभं राहून म्हटली. त्या दिवसापासून तू पान्या झालास. मी त्या प्रसंगावर दोन ओळी जुळवल्या, म्हणून मी यमक्या. पुढे उभा जन्म मी तीच कविता मुलांकडून पाठ करून घेतली. आभाळात झेप घ्या म्हणून सगळ्यांना सांगितलं. मुलं शहाणी होती, कविता पाठ करून नोकरीला लागली. एवढ्या मुलांत एकाच मुलीने ती मनावर घेतली, आणि ती नेमकी माझ्या घरची निघावी?

मिरी हे तिचं घरचं नाव. आकाराने तेवढीच आणि तिखटही तेवढीच. तिला शिकवणाऱ्या कॅप्टनबाई फेब्रुवारीअखेरीस दुसरीकडे नोकरीला चालल्या आहेत. त्याआधी मिरीला एकटीने एक फेरी मारायची आहे, नाहीतर नव्या शिक्षकापुढे सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेवढी मुदत टळली तर पोरगी कंटाळून घरी येईल, असा माझा अंदाज. विमानाला तुझी सही लागते म्हणे. तर काहीतरी खोट काढ. पंख वाकडा आहे म्हण, रंग ओला आहे म्हण.

फोनच करणार होतो, पण आयुष्यभर इंजिनांशेजारी राहून तुला आता 'हॅलो'च्या पुढचं काही ऐकू येत नाही, असं मिरी सांगते.

तुझाच,
यमक्या

*

१३ जानेवारी

यमक्यास,

शेवट आधी वाचला. त्यात 'तुझाच' एवढंच होतं, म्हणून वरून वाचावं लागलं.

नाही.

या हँगरमध्ये मी खोटी खोट काढत नाही आणि खरी झाकत नाही. आमच्याकडे शिकवायला विमान एकच आहे, दोन सीटचं, तुझ्या-माझ्यासारखं उतारवयातलं. त्याला आम्ही बाई म्हणतो. रोज सकाळी बाईची नाडी बघायची आणि मग सही करायची, हे माझं काम. ती सही यमक जुळावं म्हणून करत नाहीत.

तुझी नात चांगली उडते. वर गेली की शांत असते, उतरताना मात्र कुणीतरी मागे लागल्यासारखी घाई करते. कॅप्टनबाई म्हणतात, तेवढं सुधारलं की तयार.

तू चष्मा पूस आणि तारेवरची पाखरं बघ. ती कुणाला विचारून उडत नाहीत.

पान्या

*

१८ जानेवारी

यमक्यास,

विमान जमिनीवर ठेवलं आहे. पुढच्या चाकाला शिमी झाली आहे. नवा भाग मागवला आहे, तो येईपर्यंत कुणीही उडणार नाही, तुझी नातही नाही.

तुझ्या विनंतीशी याचा काही संबंध नाही. पुन्हा लिहितो, काही संबंध नाही.

पान्या

*

२२ जानेवारी

प्रिय पान्या,

तू आहेस खरा मित्र. आधी मला ते खरमरीत पत्र पाठवलंस, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवायला झालं. मग पाचव्या दिवशी गुपचूप काम केलंस. आणि वर 'काही संबंध नाही' असं दोनदा. दोनदा लिहिलंस तिथेच मी ओळखलं. पोरं मला गृहपाठ हरवल्याचं असंच दोनदा सांगायची.

पण शिमी! तुला एवढी कल्पनाशक्ती असेल असं वाटलं नव्हतं. मी घरातले तिन्ही कोश काढले. शिंपी सापडला, शिंपला सापडला, शिमी कुठेच नाही. म्हणजे शब्दसुद्धा तू स्वतः पाडलास. आणि काय गोड पाडलास! एखाद्या परकरातल्या मुलीचं लाडाचं नाव वाटतं. शिमी आली, शिमी रुसली, शिमी चाकात जाऊन बसली. मला तर राहवेना, लगेच दोन ओळी झाल्या:

चाक रुसले, शेपूट हसे,
विमान घरीच बसून असे.

सूनबाईला तेवढं सांगितलं. तिलाही मिरीचा घोर लागलेला असतो, म्हटलं पोरीच्या आईच्या जिवाला जरा गारवा. कुणाला बोलू नकोस अशी शपथ घातली आहे. चहा उकळेपर्यंत तरी तिने ती पाळली. त्यानंतर ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली, पण तिचा तिच्या बहिणीशी रोजच फोन असतो.

आज बऱ्याच दिवसांनी दुपारी शांत झोप लागली. स्वप्नात आपलं बाक आलं होतं. ते कोसळलं नाही.

तुझा ऋणी,
यमक्या

*

२८ जानेवारी

यमक्या,

तू माठ आहेस. शाळेतही होतास, पण तेव्हा तुला कविता यायच्या म्हणून लोकांच्या लक्षात आलं नाही.

तुझ्या सूनबाईने बहिणीला नाही, मिरीला फोन केला. काल दुपारी मिरी हँगरमध्ये आली. मी विमानाखाली आडवा होतो. ती माझ्या पायांशी उभी राहून एवढ्या मोठ्याने बोलली की मलासुद्धा सगळं ऐकू आलं.

"काका, या आजारासाठी आजोबांनी तुम्हाला किती कविता पाठवल्या?"

मी बाहेर येईपर्यंत ती कॅप्टनबाईंच्या खोलीत पोचली होती. चाकाला काही झालेलं नाही, हे दोन म्हाताऱ्यांचं संगनमत आहे, मला विमान द्या, असं तिने त्यांना सांगितलं. कॅप्टनबाईंनी मला बोलावून विचारलं, खरं सांगा, आजोबांचं पत्र आलं होतं का? आलं होतं, हे मला कबूल करावं लागलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या सहीकडे आजवर कुणी असं बघितलं नव्हतं, यमक्या.

आता नीट वाच. शब्द परका आहे, म्हणून तुझ्या कोशात नाही. पण वस्तू तू पाहिलेली आहेस. मोठ्या दुकानात सामान टाकायची ढकलगाडी असते ना? तिचं पुढचं एखादं चाक असं असतं की गाडीने जरा वेग घेतला की ते डावी-उजवीकडे फडफडायला लागतं आणि दांडा हातात थरथरतो. तीच शिमी. ढकलगाडीला झाली तर तुझी साबणाची वडी खाली पडते. विमान उतरताना ढकलगाडीच्या कितीतरी पट वेगात असतं.

विमानाच्या पुढच्या पायाला कात्रीसारखे दोन सांधे असतात. चाकाने मुरडू नये म्हणून ते त्याला धरून ठेवतात. सांध्यात धातूच्या बारीक नळ्या बसवलेल्या असतात, त्यांना आम्ही बुश म्हणतो. त्या झिजल्या की चाक खुळखुळतं. शेजारी तेल भरलेलं एक नळकांडं असतं, ते थरथर गिळतं. त्यातलं तेल गळालं की तेही हात टेकतं. आमच्या बाईचं दोन्ही झालं आहे. टायरही एका अंगाने खाल्लेला आहे. आणि तसंच दामटलं तर एखाद्या दिवशी उतरताना तो पाय मोडतो. मग नाक जमिनीवर, पुढचा पंखा जमिनीत, आणि आत जो बसलेला असेल त्याचं काय, ते तुला यमकात सांगायची माझी इच्छा नाही.

मिरीला हे ऐकायचं नाही. तिचं म्हणणं, ती रोज उतरते, तिला कधी काही जाणवलं नाही. एवढं मात्र ती जमिनीकडे बघत म्हणाली.

कॅप्टनबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. म्हणून मी नाकाखाली घोडी लावली आणि पुढचं चाक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. आता ज्याला उडायचं असेल त्याने उडून दाखवावं.

तू केलंस, तू निस्तर. त्या पोरीला खरं सांग.

पान्या

*

१ फेब्रुवारी

चि. मिरीस,

तू फोन उचलत नाहीस. बरोबर आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता.

बहाणा मी मागितला होता, हे खरं. पान्याने तो दिला नाही, हेही तितकंच खरं. त्याचं नकाराचं पत्र सोबत जोडतो आहे, म्हणजे निदान त्याच्यावरचा राग तरी माझ्या खात्यावर येईल. शिमी मात्र खरी आहे. मला ती कोशात सापडली नाही, म्हणून मी ती खोटी ठरवली. भाषेच्या मास्तरांना ही खोड असते, कोशात नसलेली गोष्ट जगात नाही असं वाटतं.

काल मी आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. सगळ्या ढकलगाड्या एकेक करून चालवून पाहिल्या. एक सापडली तशी. तिला घेऊन मी मधल्या वाटेने जरा जोरात गेलो. दांडा असा थरथरला की माझी कवळी वाजली. दुकानदार धावत आला आणि म्हणाला, मास्तर, बसता का जरा? त्याला वाटलं मलाच काहीतरी होतंय. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, हिला शिमी झालीय. त्याने मला स्टुलावर बसवून पाणी दिलं.

पान्याला शाळेत सगळे घाबरायचे, कारण तो कुणाच्याही सायकलीकडे एकदा बघून सांगायचा, ही आज दगा देणार. आणि ती द्यायची. त्याने चाक काढलं असेल तर ते काढण्याजोगंच असणार. माझ्यावर हवं तितकं रागाव, पण त्याच्या टेबलापर्यंत एकदा जा आणि ते चाक स्वतः बघ. एवढंच मागतो.

तुझे,
आजोबा

*

८ फेब्रुवारी

प्रिय आजोबा,

दुकानदाराचा फोन आईला आला, आईचा मला आला. तुम्ही दुकानात गाडी पळवल्याचं मला तुमच्या पत्राआधी कळलं. हसायचं नव्हतं, पण हसले.

मी गेले काकांकडे. खरं सांगायचं तर त्यांना खोटं पाडायला गेले. त्यांनी चिंधीने हात पुसले, पुढच्या पायाचे ते दोन सांधे माझ्या हातात दिले आणि हलवून बघ म्हणाले. आजोबा, ते आपल्या जुन्या कपाटाच्या बिजागरीसारखे खुळखुळत होते. मग त्यांनी दाखवलं की पायाखालचे पेडल सळ्यांनी त्याच चाकाला जोडलेले असतात. म्हणजे चाक थरथरलं की पेडल थरथरतात, आणि पेडलवर पाय असतात.

मी तिथेच स्टुलावर बसले.

आता जे सांगते ते आईला सांगू नका, चहा उकळेपर्यंतसुद्धा. गेले कित्येक दिवस मी उतरले की, पुढचं चाक टेकलं की, माझे पाय थरथरायला लागायचे. समोरच्या तबकड्यांवरचे आकडे पुसट व्हायचे. मला वाटायचं मी घाबरते. मिरी घाबरते हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं, कॅप्टनबाईंना तर नाहीच. म्हणून एकदाचं उतरणं संपावं असं व्हायचं. मी नाक घाईघाईने खाली टेकवायचे आणि करकचून ब्रेक लावायचे. त्याने आणखी थरथरायचं, आणि मला वाटायचं, आज तर मी जास्तच घाबरले.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते सांधे टेबलावर नीट मांडत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नसावं.

मग ते म्हणाले, "पाय तुझे नव्हते, पोरी. बाईचे होते."

त्यानंतर मात्र असे काही बरसले की विचारू नका. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर तेव्हाच तेल भरलं असतं, बुश एवढे झिजलेच नसते. यंत्राला तोंड नसतं, त्याचं दुखणं चालवणाऱ्याच्या अंगातून कळतं, आणि तू ते दुखणं स्वतःचं समजून गिळत बसलीस. मग मला समजावलं. उतरताना भार मागच्या दोन चाकांवर घ्यायचा. सुकाणूचा दांडा पोटाशी ओढून नाक वर धरायचं, वेग मरू द्यायचा, आणि नाक त्याचं त्याला खाली येऊ द्यायचं. मध्येच थरथर सुटली तर ब्रेकवर नाचायचं नाही, दांडा मागे ओढून पुढच्या चाकावरचा भार काढायचा. कॅप्टनबाईही इतके दिवस हेच ओरडत होत्या, नाक वर ठेव, नाक वर ठेव. लहानपणी तुम्ही सांगायचात, नाक वर करून चालू नकोस. मी काय करणार?

कॅप्टनबाईंसमोर मी काकांची माफी मागितली. त्यांच्या सहीवर शंका घेतल्याची. बुश अजून यायचे आहेत. महिन्याचे वीसच दिवस उरले आहेत, वेळेत येतील की नाही कुणालाच माहीत नाही. पण नाही आले तर नाही. त्या चाकावर मी आता बसणार नाही.

तुमच्यावरचा राग आहे अजून. भीती वाटत होती तर मला सांगायचं होतं ना. काकांना कशाला सांगितलीत?

मिरी

*

२६ फेब्रुवारी

यमक्यास,

आज उशिरा लिहितोय, हात अजून तेलकट आहेत, डाग पडले तर समजून घे.

बुश चार दिवसांपूर्वी आले. बसवले. नळकांड्यात तेल भरलं, हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही. टायर नवा, चाकाचा तोल तपासून घेतला. बसवायचे दोन दिवस मिरी माझ्या शेजारी उकिडवी बसून होती, पाने हातात देत. तुझ्यापेक्षा कामाची आहे. विचारते फार, पण कविता म्हणत नाही. मग कॅप्टनबाई आणि मी बाईला घेऊन नुसतंच धावपट्टीवर जोरात पळवून आलो. आकडे स्वच्छ दिसत होते. मी सही केली. या वेळी कॅप्टनबाईंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

काल दोघी मिळून उतरण्याचा सराव करत राहिल्या. आज सकाळी वारा पडलेला होता. दोघींनी दोन फेऱ्या मारल्या, विमान थांबलं, आणि कॅप्टनबाई एकट्याच खाली उतरल्या. दार लावलं आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग मला कळलं.

ती गेली. ती वर जाताना मला तुझी आठवण झाली, खोटं कशाला बोलू. एक फेरी एवढीशी असते, पण मला ती आपल्या शाळेतल्या गणिताच्या तासाएवढी वाटली. कॅप्टनबाई काहीतरी पुटपुटत होत्या. मला ऐकू येत नाही, म्हणून अशा वेळी मी फक्त चाकाकडे बघतो. शिमी असली की चाक धूसर दिसतं, पाण्यातून बघितल्यासारखं.

मागची दोन चाकं टेकली. नाक वर. विमान पळतंय आणि नाक वरच. मला वाटलं, आता टाकेल, आता टाकेल. नाही टाकलं. ही तिखट पोरगी कधी नव्हे ती वाट बघत होती. वेग मेला, आणि पुढचं चाक असं खाली आलं, जसं झोपलेलं मूल कुणी गादीवर ठेवावं. चाकाच्या कडा स्वच्छ दिसत होत्या, यमक्या. अगदी स्वच्छ.

तिने विमान जागेवर आणलं, इंजिन बंद केलं, पण बाहेर येईना. मी जाऊन दार उघडलं. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

"काका, पाय थरथरतायत."

मी वाकून चाकाकडे पाहिलं. विमान तर उभं होतं.

"तिचे नाहीत," ती म्हणाली. "या वेळी माझेच आहेत."

आणि अशी हसली की कॅप्टनबाई तिकडून धावत आल्या.

रविवारी ती घरी येते आहे. तोंड गोड करायला काहीतरी आणून ठेव, आणि कृपा करून स्वागताला काही रचू नकोस.

पान्या

*

५ मार्च

प्रिय पान्या,

रचलं होतं. म्हटलं मात्र नाही. यातच माझी सुधारणा ओळख.

मिरी तीन दिवस राहिली. पहिल्या दिवशी माझ्याशी मोजकं बोलली. दुसऱ्या दिवशी मला दुकानात घेऊन गेली आणि ती गाडी दाखवा म्हणाली. आम्ही दोघांनी ती आलटून पालटून ढकलली. दांडा जरा खाली दाबून पुढचं चाक हलकं केलं की थरथर कशी थांबते, ते तिने मला शिकवलं. मला ते तिसऱ्या खेपेला जमलं. तिथून येताना ती पुन्हा पूर्वीसारखी माझा हात धरून चालत होती, आणि मला ती पावलं टाकायला शिकत होती तो अंगणाचा तुकडा आठवत राहिला. तेव्हाही मी हात सोडायला तयार नव्हतो, सूनबाईने ओरडून सोडायला लावला होता.

तुझं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. 'या वेळी माझेच आहेत' इथे सूनबाई पदराने डोळे पुसत होती आणि मिरी तिला चिडवत होती. मी चष्मा पुसत होतो, तुझ्याच सांगण्यावरून.

आज सकाळी तिने बॅग भरली. नव्या शिक्षकाकडे पुढचे धडे उद्यापासून सुरू. आता लांबच्या फेऱ्या, डोंगरापलीकडे. बस यायची होती. मी दारात उभा होतो. काहीतरी छानसं बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो, पण ऐनवेळी एकही ओळ सुचेना. मग आपलं साधंच बोललो.

"मिरी, मला भीती वाटते गं."

तिने बॅग खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मलाही वाटते, आजोबा."

मी तिची बॅग उचलून तिच्या खांद्याला लावली आणि म्हटलं, "जा."

यमक्या